जो पेचकस सापडला नाही

दत्त महाराजांवर मी चांगली रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, तेव्हापासून मी देवापुढे दिवा लावत होते पण त्याच्याशी बोलत नव्हते. जन्मभर दर गुरुवारी जिने तुझं नाव घेतलं, तिचीच जीभ तुला सापडली का रे बाबा, एवढाच माझा सवाल होता. आई खाटेवर पडून छताकडे बघत राहायच्या. सगळं समजायचं त्यांना, डोळ्यांत दिसायचं, पण शब्द ओठापर्यंत येऊन परत फिरायचा.

आई म्हणजे कोण, हे सांगायला मला फार आवडतं. आम्ही मूळचे नागपूरचे. भोपाळला कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं, तेव्हा आई आमच्याबरोबर आल्या आणि आल्या आल्या त्यांनी वसाहतीतल्या मराठी बायकांचं भजनी मंडळ उभं केलं. बरं, पदं कोणाची? तर त्यांची स्वतःची! शाळा जेमतेम झालेली, पण पोळ्या लाटता लाटता पद जुळवायच्या. कारखान्याचा भोंगा, पाण्याची टाकी, बदली होऊन गेलेली शेजारीण, सगळं त्यात यायचं आणि शेवटी दत्ताच्या पायाशी जाऊन थांबायचं. कागदावर एक ओळ उतरवली नाही. लिहून ठेवा म्हटलं की म्हणायच्या, "डोक्यात जागा आहे अजून." आमच्या ह्यांनी मागे लागून काही गुरुवारांची भजनं रेकॉर्ड करून ठेवली होती, म्हणून तेवढी तरी उरली. पुढे हे रिटायर झाले, आम्ही भोपाळातच अयोध्या नगरात घर घेतलं, मंडळातल्या बायका मुलांकडे पुण्याला, नागपूरला निघून गेल्या.

आईंना बोलायला शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्या एकदा म्हणाल्या, की बोलणं गेलेल्या माणसाचं गाणं कधीकधी शाबूत असतं, त्यांना त्यांचीच भजनं ऐकवा, त्यांच्याच आवाजात असतील तर फारच छान. मी आनंदाने उडालेच! ती सगळी भजनं एका हार्ड डिस्कमध्ये होती, कपाटात, रेशमी साड्यांच्या खाली, मी स्वतः जपून ठेवलेली. ह्यांनी ती काढली, कॉम्प्युटरला जोडली, आणि आतून आवाज आला, टक्, टक्, टक्. पडद्यावर काही नाही. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. ह्यांचा चेहरा पडलेला मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला आहे, त्यातली ही एक वेळ. दुसरीकडे कुठे एक ओळही नव्हती.

आता ह्यांच्याबद्दल बोलले नाही तर अन्याय होईल. हे कारखान्यात मोटारींच्या तपासणीवर होते. घराएवढी मोटार चालू असायची, हे पेचकसाचं टोक तिच्या अंगाला लावायचे आणि मूठ कानाला. पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर, भोपाळात आम्ही पेचकसच म्हणतो. तेवढ्यावरून कोणतं बेअरिंग जाणार ते सांगायचे, आणि ते चुकल्याचं मी ऐकलं नाही. तर ह्यांनी त्या तळहाताएवढ्या डिस्कलाही पेचकस लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आतली तबकडी नीट फिरून राहिली. तिच्यावरून जे वाचणारं डोकं फिरतं ना, ते गेलं." शेजारचे तिवारीजी, ह्यांच्याच खात्यातले, तेही रिटायर, ताबडतोब हजर झाले. कारखान्याच्या माणसांची एक रीतच आहे. मशीनने आवाज केला की ते उघडायचं! पंखा असो, मिक्सर असो, शेजाऱ्याचा फ्रिज असो, वर्तमानपत्र अंथरायचं आणि उघडायचं. तिवारीजी म्हणाले, "भाभीजी, खोलके देख लेते हैं, क्या जाता है!"

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं. वर पंखा गरगरत होता, बाहेरच्या रस्त्याचं काम चाललं होतं म्हणून खिडकीतून धूळ येत होती, पण ते तेव्हा कोणाच्या डोक्यात? गाडी अडली ती स्क्रूपाशी. बारीक, चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू. आमच्या घरात हत्यारांच्या तीन पेट्या आहेत, मी त्यांना सवती म्हणते. त्यातला एकही पेचकस त्या खाचेत बसेना. तिवारीजींनी आपली पेटी आणली, तीही पालथी घातली. मी स्वयंपाकघरात गेले, आणि इतक्या दिवसांचा अबोला सोडून देवाला म्हणाले, "अहो महाराज, आईंचा आवाज मागते आहे, राजवाडा नाही. एवढा एक पेचकस सापडू द्या!" काही सापडलं नाही. मला रडूच आलं. एवढंसं मागावं आणि तेही त्याने देऊ नये? बाहेर तिवारीजी म्हणत होते, की एक जुना पेचकस कानशीने घासतो, मग बघू कसा बसत नाही ते.

कानस घासल्याचा आवाज चालू होता तेवढ्यात बेल वाजली. दारात एक बाई, पस्तिशीच्या असतील, हातात मिठाईचा डबा. आमच्याच नंबरचं घर त्या शोधत होत्या, पण दुसऱ्या सेक्टरमधलं. अशी चूक इथे नेहमी होते. ऊन रणरणत होतं, मी म्हटलं, आत या, पाणी तरी घ्या. पाणी पिता पिता त्यांची नजर टेबलाकडे गेली, आणि पेला हातात तसाच राहिला.

"अंकल, रुकिए! इसे मत खोलिए," त्या एकदम म्हणाल्या.

तिवारीजी हसले, "अरे बेटा, हमने ज़िंदगी भर यही किया है."

"मेरे पापा ने भी यही कहा था." मग त्या हळूहळू बोलल्या. त्यांच्या वडिलांनी घरची डिस्क अशीच टेबलावर उघडली होती. आत धूळ गेली, तबकडीवर ओरखडे पडले, आणि मग कोणालाच काही काढता आलं नाही. पुढे वडील वारले. त्यांचा आवाज त्याच डिस्कमध्ये होता. ह्यांनी पंखा बंद केला आणि डिस्क एका स्वच्छ रुमालात गुंडाळली. तिवारीजींनी कानस खाली ठेवली. बाईंनी शाहपुरा भागातल्या एका जागेचा पत्ता सांगितला, तिथे बंद, धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात म्हणे, आणि तोवर ही पुन्हा जोडूच नका असं बजावलं. मग डबा उचलून त्या गेल्या. मी नावसुद्धा विचारलं नाही, बघा! नंतर त्या सेक्टरमध्ये जाऊन चौकशी केली, त्या घराला कुलूप होतं.

डिस्क आम्ही शाहपुऱ्याला नेऊन दिली, तिथल्या माणसाने काही आठवड्यांनी बोलावलं. म्हणाला, तबकडी साफ आहे, वाचणारं डोकंच गेलं होतं, ते बदललं. मी ह्यांच्याकडे असं बघितलं की सांगता सोय नाही. पेचकस कानाला लावून ह्यांनी हेच तर सांगितलं होतं! आमच्या सहलींचे फोटो बरेचसे गेले, नातवाच्या बारशाचेही गेले. भजनं मात्र बहुतेक सगळी आली. परत येताना रिक्षात मी पदराने डोळे पुसत होते. हे म्हणाले, "काय झालं?" मी काय सांगणार? ज्या पेचकसासाठी मी देवाशी भांडले, तो सापडला असता तर आईंचा आवाज आमच्याच टेबलावर, आमच्याच हुशार हातांनी पुसला गेला असता. त्या बाई कोण होत्या, कशा आल्या, यावर मला वाद घालायचा नाही. पत्ता चुकून आल्या, एवढंच मला माहीत आहे. पण देव ऐकत नाही असं वाटलं, तेव्हाही तो आपल्या बाजूने काम करत असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. अजूनही मी मागते, हट्टाने मागते, स्वभावच तसा आहे. फक्त मागून झालं की आता त्याच्यावर सोडून देते.

गुरुवारी आईंना उशांच्या आधाराने बसवलं. हात जोडले, दत्त महाराजांची क्षमा मागितली आणि ह्यांना म्हटलं, लावा. खोलीत आईंचा तो खणखणीत आवाज भरला:

"भोंगा झाला, गेली मंडळी, घर झाले रे शांत,
आता तरी ये, दत्तराया, बसू दोघे निवांत."

आईंचे डोळे मोठे झाले. डावा हात उठला आणि चादरीवर ठेका धरू लागला. मागून मंडळाने ओळ उचलली, झांजा वाजू लागल्या. ओठ थरथरले, पण शब्द येईना. मी मनात म्हटलं, नाही आला तर नाही आला महाराज, ऐकताहेत हेही खूप झालं. दुसऱ्या कडव्याला झांजा जरा पुढे धावल्या. आईंच्या कपाळाला आठी पडली, हात चादरीवर जोरात आपटला, आणि तोंड वाकडं करून, जड जिभेने, पण स्पष्ट, त्या म्हणाल्या, "सावकाश!"

हे तर खाली बसून लहान मुलासारखे रडू लागले. मी रडत होते आणि हसतही होते. कारण मंडळात झांजा वाजवायला मीच असायचे. इतक्या महिन्यांनी आईंच्या तोंडून पहिला शब्द निघाला, आणि तो त्यांनी मला रागवायला खर्च केला. एवढा मान मला उभ्या जन्मात कोणी दिला नाही.