रिकाम्या कुप्यांची साक्ष

ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही, आणि ती काही खुनाची किंवा दरोड्याची नाही. निवृत्त फौजदार म्हटला की लोकांना रक्त हवं असतं. माझ्याकडे तसंही पुष्कळ आहे, पण ते लक्षात ठेवायला कागदपत्रं लागतात. ही गोष्ट मात्र कागद न बघता सांगतो, कारण हिच्यात चूक माझी होती.

पन्नास सालानंतरची पहिली काही वर्षं. मी घाटकोपरला सब-इन्स्पेक्टर होतो. नवीन दोन चांदण्या, नवीन बूट आणि अंगात भरपूर मस्ती. आमच्या हद्दीत एका संस्थेचं मोठं इस्पितळ होतं. त्याच संस्थेचं एक लहान इस्पितळ मुलुंडला आणि एक प्रसूतिगृह अंधेरीला. उपनगरातल्या साध्या लोकांना मुंबईत धावत जावं लागू नये म्हणून चार भल्या माणसांनी वर्गणी काढून उभं केलेलं काम. अध्यक्ष होते एक नामांकित वकील. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. माणूस सचोटीचा, पण हट्टी. मुलुंडचे मुख्य डॉक्टर तितकेच सचोटीचे आणि दुप्पट हट्टी.

एका गुरुवारी सकाळी घाटकोपरच्या इस्पितळाचा कंपाउंडर ठाण्यात आला. तिशीचा, सडसडीत, टोपी हातात धरून उभा.

"साहेब, कपाटातली औषधं जातायत," तो म्हणाला. "स्ट्रेप्टोमायसीन. महिनाभर थोडी थोडी कमी होतायत. किल्ली माझ्याकडे असते. उद्या कळलं तर माझ्यावरच येणार, म्हणून आज मीच आलो."

आज कुणाला कल्पना यायची नाही, पण त्या काळी क्षयावरचं ते इंजेक्शन म्हणजे सोनं. परदेशातून यायचं, कोट्याने मिळायचं, काळ्या बाजारात वाटेल तो भाव. एवढंच नाही, रिकाम्या कुप्यांनाही गिऱ्हाईक होतं. बदमाश लोक त्यात खडूची भुकटी भरून पुन्हा विकायचे. म्हणून इस्पितळात नियम होता, की वापरलेली प्रत्येक कुपी परत आली पाहिजे आणि शनिवारी सगळ्या फोडल्या गेल्या पाहिजेत.

मी त्याची खबर डायरीत घेतली, वकीलसाहेबांची रीतसर फिर्याद आणवली आणि तपास सुरू केला. म्हणजे काय केलं? कंपाउंडरवरच संशय घेतला. आमच्या खात्यात एक जुनी समजूत होती, की जो आधी ओरडत येतो त्याच्याकडे आधी बघावं. दहात चार वेळा ती खरी ठरते. उरलेल्या सहा वेळांचं कुणी बोलत नाही.

शुक्रवारी सकाळी मी स्वतः दवाखान्यात गेलो. खिडकीपुढे रोग्यांची रांग होती. हातात आपापल्या बाटल्या घेऊन बायका-माणसं मिक्श्चरसाठी उभी. तिकडे कंपाउंडर बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवत होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चल, ठाण्यात चल." एवढंच. पण पोलिसाने एवढं म्हटलं की पुरे असतं. त्याने हात पुसले, अर्धी चिकटवलेली बाटली त्या बाईच्या हातात दिली आणि माझ्या मागून निघाला. रांगेत कुजबूज सुरू झाली ती मला ऐकू आली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

दिवसभर त्याला बाकावर बसवून ठेवला. मारहाण केली नाही, पण प्रश्न असे विचारले की त्यापेक्षा मार बरा. किल्ली कुठे ठेवतोस? तर म्हणे, दुपारी जेवायला जाताना देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला. कुणाकुणाला ठाऊक आहे? सगळ्यांना. मी कपाळावर हात मारला. कुलूप विलायती आणि किल्ली खिळ्याला, अशी आपल्याकडची तऱ्हा. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "साहेब, चोरी करायची असती तर तुमच्याकडे आलो असतो का?" संध्याकाळी सोडला. जाताना म्हणाला, "आता चाळीत काय तोंड दाखवू?"

आमचे हवालदार मालवणकडचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "साहेब, ह्या माणसाच्या डोळ्यांत भीती नाही, शरम आहे. चोराला शरम नंतर वाटते, आधी भीती वाटते." मी त्यांना गप्प बसवलं. फौजदार मी होतो ना.

शनिवारी दुपारी कुप्या फोडायचा कार्यक्रम बघायला गेलो. मागच्या अंगणात शिपाई गोणपाटावर कुप्या ओततो आणि वरवंट्याने चेचतो, एवढाच प्रकार. घाटकोपरचे एक डॉक्टर उभे राहून सही करतात. मी शिपायाला थांबवलं.

"मोजतोस का रे आधी?"

"मोजायच्या कशाला साहेब? फुटायच्याच आहेत."

मी उकिडवा बसलो आणि मोजल्या. वॉर्डच्या वहीप्रमाणे आठवड्यात वापरलेल्या वीस. गोणपाटावर सत्तावीस. आणि कपाटातून त्या आठवड्यात नाहीशा झालेल्या होत्या सात.

मी तसाच बसून राहिलो. चोरीला गेलेली प्रत्येक कुपी रिकामी होऊन परत आली होती. काळ्या बाजारवाला रिकामी कुपी कशाला परत करील? तिचे वेगळे पैसे होतात. म्हणजे हे औषध विकलं गेलं नव्हतं. कुणाच्या तरी अंगात गेलं होतं. आणि नेणारा माणूस असा, की चोरी करतानाही इस्पितळाचा नियम मोडवत नव्हता त्याला.

त्या सातांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे होते. शाईने लिहिलेलं एका बाईचं नाव, सातही कुप्यांवर तेच. कंपाउंडरला बोलावून दाखवलं. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "या नावाची बाई आमच्या वॉर्डात नाही. आणि आम्ही नाव लिहीत नाही. आमच्याकडे एक कुपी उघडली की दोघांना लगेच टोचतात. अर्धी उरवून त्यावर नाव लिहायची पद्धत मुलुंडची. तिथे या औषधावर रोगी कमी."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"काल तुम्ही मला कुठे दाखवल्या होत्या?"

नाव लिहिलेली एक कुपी मी खिशात टाकली. हवालदारांना घेऊन आग्रा रोडने मुलुंडला गेलो.

मुलुंडच्या इस्पितळाच्या मागच्या बाजूला घाटकोपरच्या मेट्रनबाई, म्हणजे तिथल्या मुख्य नर्स, राहात. पन्नाशीच्या, विधवा, पांढऱ्याशुभ्र लुगड्यातल्या. त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वॉर्ड गप्प व्हायचा. रोज सकाळी त्या घाटकोपरला जायच्या आणि संध्याकाळी परत, शनिवारी दुपारीच. दोन्ही इस्पितळांत रोज वावर असलेल्या त्या एकट्याच. मी नाव लिहिलेली कुपी त्यांच्यापुढे धरली.

"तुम्ही नेल्या?"

"हो, मीच नेल्या."

"जबाब घ्यावा लागेल."

"घ्या ना. पण तिचं चारचं इंजेक्शन आहे, तेवढं देऊन येते."

आल्या, समोर बसल्या आणि सगळं सांगितलं. औषधाचा कोटा संस्थेच्या नावाने घाटकोपरला यायचा. मुलुंडला क्षयाच्या खाटा असाव्यात की नसाव्यात यावरून वकीलसाहेब आणि डॉक्टर यांचं वर्षभरापूर्वी वाजलं होतं. खाटा झाल्या, पण बोलणं बंद झालं. वकीलसाहेब म्हणत, लेखी मागणी आल्याशिवाय एक कुपी देणार नाही. डॉक्टर म्हणत, मी हात पसरणार नाही. इतके दिवस मुलुंडच्या रोग्यांचे नातेवाईक बाहेरून औषध आणत होते. या बाईच्या नवऱ्याला ते जमणं शक्यच नव्हतं; त्याने कुठून तरी सोय केली, असंच डॉक्टरांना वाटत होतं.

"दोघांनाही तीन-तीनदा सांगितलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "दोघेही म्हणाले, तुम्ही यात पडू नका. दोन मोठ्या माणसांच्या रागात तिने का मरायचं? मध्येच औषध तुटलं तर पुन्हा लागू पडत नाही, हे दोघांनाही माहीत होतं."

"आणि रिकाम्या कुप्या परत का नेल्यात? त्यांच्यामुळेच सापडलात."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "परत न्यायच्या नाहीत? उद्या त्यात कुणी खडू भरला तर?"

मग मी त्यांना कंपाउंडरचं सांगितलं. रांगेतून नेला, दिवसभर बसवला. बाई एकदम खचल्या. "अहो, त्याला कशाला? त्याचा काय संबंध? किल्ली त्याची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी गुन्हेगार आहे, लिहा तसं. त्याची तर मी वाटच लावली."

वाट मी लावली होती. पण तेव्हा ते बोलायचं धाडस झालं नाही.

रविवारी वकीलसाहेबांच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाईट वाटतं, पण अटक करा. आज मेट्रनने नेलं, उद्या दुसरा नेईल. नियम म्हणजे नियम."

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. मी म्हटलं, "करतो साहेब. पण एक कुपी अजून मुलुंडला शिल्लक आहे. मुद्देमाल फिर्यादीने ओळखायला हवा. तुम्हाला वेगळं काय सांगायचं." कायद्यात ते तसं अडलं नसतं. त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. तरी ते यायला तयार झाले. वर्षभर त्यांनी मुलुंडचा उंबरठा ओलांडला नव्हता.

सोमवारी दुपारी आम्ही गेलो. मी, हवालदार, दोन पंच, वकीलसाहेब. डॉक्टर वॉर्डाच्या दारात हाताची घडी घालून उभे. मेट्रनबाई रजा टाकून तिथेच थांबल्या होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवर ती बाई. वीस-बाविशीची, हाडांचा सापळा, पण नजर तरतरीत. शेजारच्या स्टुलावर ओल्या फडक्यात अर्धी भरलेली कुपी, तिचं नाव लिहिलेली. मी लाख, सुतळी आणि मोहर काढून स्टुलावर ठेवली.

"वकीलसाहेब, हा मुद्देमाल तुमच्या संस्थेचा का? तुम्ही हो म्हणालात तर मला तो आत्ता जप्त करावा लागेल. खटला संपेपर्यंत ठाण्यात राहील."

ते कुपीकडे बघत होते. तेवढ्यात ती बाईच बोलली, माझ्याकडे बघून. "सायबानू, ह्या औषध बंद करतलास काय? माझा चेडू सा म्हयन्याचा, गावाक आसा. बरी होवन येतंय म्हणान सांगान इलंय."

हवालदारांनी मान फिरवली. ते त्यांच्याच मालवणचं बोलणं होतं; चेडू म्हणजे लेक.

वकीलसाहेब डॉक्टरांना म्हणाले, "मला एक चिठ्ठी लिहायला काय झालं होतं?"

डॉक्टर म्हणाले, "आणि तुम्हाला एकदा येऊन बघायला?" मग खालच्या आवाजात, "लिहायला हवी होती. माझंही चुकलं."

मग वकीलसाहेब माझ्याकडे वळले, अगदी कोर्टात उभं राहावं तसे. "फौजदार, हे औषध आमच्या संस्थेचं आहे. आणि आमच्याच संस्थेच्या इस्पितळात आहे. मालकाची वस्तू मालकाच्याच घरात सापडली. यात चोरी कुठे झाली?"

"मग फिर्याद?"

"गैरसमजातून दिली होती. तसं लिहून देतो. मोहर उचला, बाईंच्या इंजेक्शनची वेळ होत आली."

मी इतक्या आनंदाने लाख कधी परत खिशात घातली नाही.

पुढचं भराभर झालं. तिन्ही इस्पितळांचा कोटा एकत्र धरून दर सोमवारी वाटायचा, असं ठरलं. वाटप कंपाउंडरने करायचं, किल्ली खिळ्याला नाही, कमरेला. वकीलसाहेब आणि डॉक्टर महिन्यातून एकदा एकत्र बसू लागले. भांडायचे, पण समोरासमोर. मेट्रनबाईंना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी बरोबरच आहे म्हणून सही करून घेतली. आणि ती बाई काही महिन्यांनी आपल्या पायांनी चालत इस्पितळाबाहेर पडली, लेकीकडे गेली.

राहिला कंपाउंडर. मंगळवारी सकाळी मी दवाखान्याच्या खिडकीशी गेलो आणि रांगेसमोर म्हणालो, "चूक माझी झाली. या माणसाचा काही दोष नाही." त्याने बाटलीवरची पट्टी नीट चिकटवली, मग मान वर केली.

"मला कळलं साहेब. पण माझी आई शुक्रवारपासून जेवलेली नाही. तिला सांगाल?"

गणवेशातच त्याच्या चाळीत गेलो. म्हातारी दारातच बसली होती. पोलीस बघून शेजारची दारं पटापट लोटली गेली. मी टोपी काढली आणि हळूच म्हणालो, "आजी, तुमच्या मुलाने काही केलेलं नाही. मीच चुकलो."

नोकरीने मला चोर पकडायला शिकवलं. वस्तू गेली म्हणजे कुणीतरी ती खाल्ली, एवढंच मी धरून चालायचो. कुणीतरी ती कुणाला तरी जगवायला नेली असेल, हे त्या कुप्यांनी शिकवलं. आणि पोलिसाने एखाद्याला नुसतं "चल" म्हटलं तरी त्याच्या घरात काय होतं, ते त्या म्हातारीने शिकवलं.

तिने माझं बोलणं ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि लोटलेल्या दारांकडे बोट केलं.

"शुक्रवारी कसं, सगळ्यांना ऐकू गेलं होतं," ती म्हणाली. "आता पण जरा मोठ्याने बोला बाबा."

मी गॅलरीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि मोठ्याने बोललो.