लाल वायर

सासरे गेल्यावर त्यांची फटफटी सासूबाईंनी धाकट्या जावयाला दिली, तेव्हा मी हसून "बरं झालं" म्हणालो. ते खोटं होतं. थोरला जावई मी. पाटसला साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो आणि सुट्टीच्या दिवशी दौंडहून राहू गावाला, सासुरवाडीला जाऊन तीस वर्षं त्या गाडीची वायरिंग मीच सांभाळली. माझा साडू शिरूरला शाळेत मास्तर. त्याला प्लगचा पाना धरता येत नव्हता.

"तुमचं काय, तुम्ही दुसरी जुनी घेऊन नीट कराल," सासूबाई मला म्हणाल्या. "त्यांना हौस हाय."

मास्तर गाडी पुसून चकचकीत ठेवायचा आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. प्रत्येक फोटो मी बोटांनी मोठा करून कुठं गंज दिसतो का ते बघायचो.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी त्याचा फोन आला. "दाजी, हेडलाइट लय मिणमिणतो. सहा व्होल्टचा एलईडी मागवलाय. लाल आन् काळी, दोन वायरी हायत. कशा जोडू?"

त्या जुन्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. आजच्या सगळ्या गाड्यांच्या उलटं. साध्या बल्बला त्यानं फरक पडत नाही, एलईडी मात्र उलटा जोडला तर जळू शकतो. मला हे पाठ होतं.

"लाल स्विचकडं, काळी बॉडीला," मी म्हणालो. "सगळ्या गाड्यांना तसंच असतं."

सगळ्या गाड्यांना तसंच असतं हे खरंच आहे, अशी मी पुढं स्वतःची समजूत घालत राहिलो.

दसऱ्याला सगळे पाहुणे आपापल्या गाड्या घेऊन राहूला जमतात. पहिली पूजा सासऱ्यांच्या गाडीची. झेंडूचा हार घातला की ती चालू करून दिवा लावायचा, मग बाकीच्या गाड्यांना हळदकुंकू. मास्तरनं किक मारली, स्विच फिरवला. दिवा लागला नाही. चट् आवाज झाला आणि हाराखालून जळका वास आला.

"मास्तर, शाळेत मेणबत्तीच लावता का?" मेव्हणा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

त्याच दुपारी सासूबाईंनी गाडी मला द्यायला लावली. मास्तरनं स्वतः चावी माझ्या हातात ठेवली. "माझंच चुकलं, दाजी. तुम्ही सांगितलं तसंच जोडलं हुतं, पण कुठंतरी उलटं झालं असंल."

दौंडला आणून दहा मिनिटांत मी नवा एलईडी बसवला. भिंतीवर पांढरा लख्ख गोल पडला. पुढचे दोन दसरे मी किक मारली आणि मास्तर हात मागं बांधून लांब उभा राहिला.

यंदा मोतीबिंदूमुळं डॉक्टरांनी मला गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. परवा मास्तर विचारायला आला, गाडी राहूला कशी न्यायची. "मी चालवतो, तुम्ही मागं बसा. पण आधीच सांगतो, मी वायरीला हात लावणार न्हाई." हे तो हसत म्हणाला. मला ते ऐकवेना. अंगणात गाडीजवळ उभं राहूनच मी सगळं सांगितलं.

त्यानं हेडलाइटवर हात ठेवला. मग म्हणाला, "सगळी हसली, तवा तुम्ही पण हसला हुता."

"व्हय."

"ते कशाला?"

मी रुमालानं टाकी पुसू लागलो.

त्यानं स्क्रूड्रायव्हर मागितला. हेडलाइटची काच सोडवून, बॉडीला लावलेली लाल वायर नीट बघितली आणि काच परत बसवली. मी चावी पुढं केली.

"आत्ता न्हाई. दसऱ्याला पूजेच्या आधी आईंसमोर सांगा, मेव्हण्यासमोर सांगा. मग घेतो."

दसरा चार दिवसांवर आहे. तिथं माझा आवाज फुटला नाही तर कुणाला तरी वाचून दाखवता यावं म्हणून हे लिहिलं. आणि खरंच लिहायचं तर हेही लिहितो: त्यानं काच बसवताना एकही स्क्रू खाली पडला नाही. माझ्या हातून आता दोन तरी पडतात. त्याची ती स्थिर बोटं बघून, सगळं कबूल करून झाल्यावरसुद्धा, माझ्या पोटात दुखलंच.