पुण्याचे वाटेकरी

पुण्याची माणसं येणार होती त्या दिवशी सकाळपासून मी तीनदा अंगण झाडलं होतं. आता कुणाला सांगितलं तर हसतात, पण तेव्हा माझं मलाच माहीत.

धंदा माझा, मुरघासाचा. हिरव्या मक्याची कुट्टी करायची, खड्ड्यात दाबून भरायची, वर प्लास्टिकचा कागद टाकून हवाबंद करायची. दीडेक महिन्यात ती मुरते आणि उन्हाळ्यात गाईवाले शोधत येतात. आमच्या राहुरीकडे गोठ्यांना काय तोटा! पण खड्ड्यातला माल सुटा लांब नेता येत नाही, हवा लागली की बुरशी धरते. त्याच्या गच्च गाठी बांधणारं मशीन तासाभरावरच्या नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये तयार होऊन उभं होतं, आणि त्याच्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचाही डोळा होता.

बँकेत गेले तर पहिला प्रश्न, जमीन कोणाच्या नावावर? सातबारा मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. विषय तिथेच संपला. मग बचतगटातल्या एका ताईंनी या पुण्याच्या लोकांचं सुचवलं. ते लहान धंद्यांत पैसे घालतात, पण कर्ज म्हणून नाही, हिस्सा घेऊन. चाललं तर नफ्यात त्यांचा वाटा, बुडालं तर त्यांचंही बुडालं. तारण नको, हप्ता नको. त्यांच्या बाईंनी फोनवर एकच अट घातली होती. मालकीण कागदावर एक आणि कारभार दुसऱ्याच्या हातात, असं दिसलं तर आम्ही पैसे घालत नाही, म्हणाल्या. मी ठणकावून सांगितलं, माझा धंदा मीच बघते.

सांगायला काय जातंय? घरात हे समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. व्याज न घेता पैसे देणारा माणूस मामंजींच्या गळी उतरेना. शेवटी म्हटलं, अहो, वाटेकरी समजा, आपण खालचं रान वाट्याने देतो तसं. ते त्यांना झटक्यात पटलं. आणि तिथेच घोटाळा झाला.

बाई आल्या, सोबत त्यांचे एक साहेब. आमचे हे दुधाचा टेम्पो घेऊन गेलेले. बाईंनी मला विचारलं, मका कुठून घेता? उत्तर मामंजींनी दिलं. भाव कोण ठरवतं? पुन्हा मामंजीच. बाई मान हलवत होत्या, पण बघत होत्या माझ्याकडे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. चहा आणायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर अंगणात कुणी नाही.

मी ट्रे खाली टाकून घरामागे पळाले. मामंजी खड्ड्यावर चढलेले, पाहुणे काठावर उभे. कागदावरच्या मातीच्या गोण्या बाजूला सारलेल्या आणि हातात विळा! खड्डा भरून तीन आठवडेही झाले नव्हते. आमच्याकडे वाटेकरी खळ्यावर आला की रास उघडी करून दाखवायची रीत आहे, झाकून ठेवली तर मनात पाप आहे असं धरतात. मामंजी अगदी सरळ मनाने आपलं इमान दाखवायला निघाले होते. पण त्या कागदाला एक चीर गेली असती, तर माझ्या उन्हाळ्याच्या मालाची माती झाली असती.

"मामंजी, कागदाला हात लावायचा नाही!"

या घरात सुनेचा आवाज इतका कधी चढला नव्हता. मामंजींचा हात थांबला. "वाटेकऱ्याला माल दावायचा न्हाई? चोर हाय का आपन?"

"माल दाखवला की माल जातो. खाली उतरा."

बोलले खरी, पण मग मनात आलं, जमीन त्यांची. काढ तुझा खड्डा माझ्या रानातून, असं ते म्हणाले असते तर मी काय करणार होते? आणि पाहुण्यांसमोर म्हाताऱ्या माणसाचा पाणउतारा केला तो वेगळाच.

त्यात बाईंनी त्यांनाच विचारलं, बाबा, इथे शेवटचा शब्द कोणाचा?

मला त्या बाईचा असा राग आला! माझं सगळं त्या एका उत्तरावर, आणि ते उत्तर नेमकं त्यांच्या तोंडी दिलं. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. ते वाकले, सारलेल्या गोण्या एकेक करून जागेवर ठेवल्या, सावकाश खाली उतरले.

"तिलाच इचारा," ते म्हणाले. "रान माझं हाय, पन त्या खड्ड्यावर मला बी पाय ठिवू देत न्हाई ती."

विळा माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडे निघून गेले. मी कागदाच्या कडा चाचपून बघितल्या, मग बाईंकडे वळले. हिस्सा किती द्यायचा ते मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून बोलले, आणि त्यांनी मशीनचे पैसे कबूल केले. मामंजींना ते मी जेवायला वाढताना सांगितलं. तोवर त्यांनी विचारलं नव्हतं.