बदलीला आलेली जाऊ

काल सकाळी कंपनीच्या गेटवर उभी होते आणि चक्क शिट्टी वाजवावीशी वाटली. एचआरवालीनं गेटवर शिट्टी वाजवणं बरं दिसत नाही म्हणून गप्प बसले... पण आनंद पोटात मावत नव्हता, हे खरं.

गोष्ट सुरू झाली गेल्या वर्षीच्या जानेवारीत. मी राहते दौंडला आणि नोकरी शिरूरजवळच्या एका कंपनीत. आम्ही गाड्यांचं वायरिंग बनवतो, आणि लाईनवर निम्म्याहून जास्त बायकाच आहेत.

त्यातल्या मांडवगण फराट्याच्या संगीताताई म्हणजे सगळ्यात सफाईदार हात. पण उन्हाळ कांद्याची लागवड आली की दर वर्षी बाई गायब! फोन उचलायच्या नाहीत, रजेचा अर्ज नाही... मग आमच्या एचआरच्या भाषेत त्या ‘ॲबस्कॉन्डिंग’, म्हणजे न सांगता पळून गेलेल्या. परत आल्या की नवं जॉयनिंग आणि वर्षभराचं प्रोबेशन पुन्हा पहिल्यापासून.

आमच्याकडे प्रोबेशनवाल्यांच्या कार्डाला गळ्यात घालायची पिवळी पट्टी असते, पर्मनंट झालेल्यांना निळी. संगीताताईंच्या हाताखाली शिकलेल्या पोरी निळ्या पट्टीत फिरायच्या आणि या आपल्या पिवळ्यातच.

गेल्या वर्षी त्या अशाच परत आल्या तेव्हा माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तापट, हे तुम्हाला माहीत आहेच. मी बरंच तोंडसुख घेतलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मी कुठं पळाले, म्याडम? माझी जाऊ धाडली व्हती की बदलीला. तुमच्या मामांनीच तिला गेटावरनं माघारी लावली.”

मी सिक्युरिटीच्या मामांना विचारलं. तर खरंच की! मंदाताई नावाची बाई डबा घेऊन रोज गेटवर यायची. “म्हनायची, संगीताच्या जागी मी आलीया, आत सोडा,” मामा म्हणाले. “मी म्हनलं, बाई, ही काय कांद्याची लागण हाय व्हय?”

आधी मी पोट धरून हसले... मग जरा विचारात पडले.

कारण रानात हेच चालतं. सावड म्हणतात त्याला. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. स्वतःला जमत नसेल तर घरातलं माणूस पाठवायचं, की तुमचा खाडा धरत नाहीत. म्हणजे संगीताताईंच्या हिशेबानं त्यांनी एक दिवसही खाडा केला नव्हता!

आता वायरिंगच्या लाईनवर न शिकलेलं माणूस उभं करता येत नाही, तो भाग वेगळा. पण शिकलेलीच बदली मिळाली तर?

ते डोक्यात घोळत राहिलं ते थेट नाताळापर्यंत. केडगावच्या मिशनकडच्या आमच्या बऱ्याच बायका ख्रिस्ती आहेत. सुवार्ताताई त्यांच्या म्होरक्या. नाताळाच्या सुट्टीवरून त्यांचं आणि माझं दर वर्षी भांडण ठरलेलं, कारण तेव्हाच ऑर्डरी जास्त. यंदा त्या भांडायला आल्या आणि माझी ट्यूब पेटली.

मांडवगणच्या कांदेवाल्या आणि केडगावच्या, दोन्ही गावांच्या बायकांना कॅन्टीनमध्ये एकत्र बसवलं. नाताळात मांडवगणच्यांनी आपला वीकली ऑफ सोडून केडगावच्यांच्या जागी उभं राहायचं आणि लागवडीत केडगावच्यांनी फेड करायची. मी ‘कॉम्प ऑफ’, ‘शिफ्ट एक्स्चेंज’ वगैरे समजावत होते. सुवार्ताताईंनी चहा संपवता संपवता मला तोडलं, “सावड म्हना की सरळ.”

आमचे प्लांट हेड मात्र काही केल्या ऐकेनात. शेवटी एवढंच म्हणाले, करून बघा, पण लाईन एकदा जरी थांबली तर हे सगळं बंद. आणि संगीताताईंचं कन्फर्मेशनही विसरा. त्यांचं वर्ष भरायला थोडेच दिवस उरले होते हो!

नाताळ छान पार पडला. खरी परीक्षा लागवडीची... आणि तिचा पहिलाच दिवस आला रविवारी. केडगावच्यांची चर्चची सकाळ! हे आधी लक्षातच आलं नव्हतं माझ्या. आपला सण झालाय, आता कोण कशाला येतंय, असं काय काय मनात येऊन गेलं. गेटवर मी आणि मामा, दोघंही रस्त्याकडे डोळे लावून.

बस आली. खच्चून भरलेली!

सुवार्ताताई खाली उतरल्या. माझं तोंड बघूनच म्हणाल्या, “उपासना संध्याकाळची बी असती, म्याडम. संगीताचा कांदा काय थांबतोय व्हय?” मला तिथंच रडू आलं. मामा दुसरीकडे बघत राहिले.

लागवड पूर्ण झाली. लाईन एकदाही थांबली नाही.

गेल्या आठवड्यात संगीताताईंच्या गळ्यात निळी पट्टी पडली. आणि मीटिंगमध्ये आमचे प्लांट हेड, जे कधी इंग्रजीशिवाय बोलत नाहीत, ते विचारत होते की पुढच्या वर्षीची सावड कधी ठरवायची! मी वरून गंभीर, आतून फुगडी.

आणि काल... काल मंदाताईंचं जॉयनिंग होतं. तीच जाऊ, तेच गेट, तोच डबा. मामांनी मुद्दाम आडवं होऊन विचारलं, “आज कुनाच्या बदलीला?”

“आज माझी मीच आलीया!” मंदाताई म्हणाल्या, आणि मामांनी गेट सताड उघडलं.

सुवार्ताताई आणि तुमच्या अख्ख्या बसला माझा मनापासून नमस्कार. एचआरची पुस्तकं वाचून मला जे सुचलं नसतं, ते तुम्ही करून दाखवलंत.

मी मंदाताईंच्या गळ्यात पिवळी पट्टी घालत होते तेव्हा संगीताताई शेजारीच उभ्या होत्या. जावेला म्हणाल्या, “ही वर्षभरच घालायची बरं का.” पुढच्या लागवडीत मंदाताईंच्या जागी कोण उभं राहणार, ते केडगावच्या बसमध्ये आधीच ठरलं होतं.