मेकॅनिकचा सीन

पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याचा वास आला, की मला इंदूरच्या छत्रीबागेतलं ते पोह्यांचं दुकान आठवतं. पुण्याहून नोकरीसाठी इंदूरला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. ऑफिसातल्या दोघांबरोबर लढाऊ विमानांचा एक युद्धपट बघायला निघालो होतो आणि एक तिकीट उरलं म्हणून घरमालक काकांनाही सोबत घेतलं. सिनेमा सुटल्यावर त्या दुकानात पोहे खाता खाता वाद रंगला. त्या दोघांना हवाई हल्ले जाम आवडले होते, मी एकेक चूक काढत होतो. विमान परत येत नाही आणि त्याचा मेकॅनिक संध्याकाळपर्यंत धावपट्टीवर उभा राहतो, हा सीन तर मला निव्वळ भंपक वाटला होता. "असं कोण उभं राहतं? सगळा रडवायचा धंदा," मी म्हणालो. तोवर गप्प बसलेले काका प्लेटीकडे बघत म्हणाले, "राहतात भिया. एकाहत्तरच्या लढाईत मी फिटर होतो. विमान ठीक आहे म्हणून उडायच्या आधी माझी सही व्हायची. एक वापस नाही आलं. मी पण असाच उभा होतो." दोघांचे चमचे थांबले. मीही तिथेच थांबायला हवं होतं, पण वाद जिंकायची खुमखुमी गेली नव्हती. "ते ठीक आहे काका, पण सीन फार लांबला ना?" "हां," काका म्हणाले, "लंबा तो था." आणि माझे पोहे फिके दिसले म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं त्यांवर जिरावण भुरभुरलं. त्या सिनेमाचं आता मला फारसं काही आठवत नाही. पोह्यांवर जिरावण मात्र मी आजही कुणाला घालू देत नाही; काकांचा तो हात आणि माझं ते वाक्य आठवतं.