कोपऱ्यात उभं राहून वाजवायचं व्हायोलिन

परवा रविवारी कॉलेज रोडला पोरींच्या म्युझिक क्लासचा कार्यक्रम होता. घरून निघतानाच माझं डोकं तापलेलं... खरं सांगते, जळत होते मी.

माझ्या धाकट्या जावेची, ज्योतीची रिद्धी आणि माझी वैष्णवी एकाच क्लासला जातात. रिद्धीला सरांनी व्हायोलिन दिलं, पहिली खुर्ची. माझ्या पोरीला डबल बास... म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन, उभ्यानं वाजवायचं, तेही पार मागच्या कोपऱ्यात.

आठ दिवस आधी मी सरांना जाऊन सुनावलं होतं. हिलाही पुढं बसवा, नाहीतर हिचा क्लास बंद. सर म्हणाले, "आधी ऐका, मग बंद करा." तेव्हापासून वैष्णवी माझ्याशी धड बोलत नव्हती.

शेवटी एक इंग्रजी सुरावट होती, शंभरएक वर्षांपूर्वीची. ओव्हर्चर म्हणतात तिला. त्यात फ्यूग का काय ते असतं, सर समजावत होते... मी कुठलं ऐकतेय.

सुरुवात रिद्धीच्या रांगेनं केली. एक छोटी चाल, भराभर जिना चढल्यासारखी. ज्योतीनं लगेच मोबाइल वर केला. मग तीच चाल दुसऱ्या रांगेनं घेतली, मग तिसऱ्या... माझी पोर नुसती उभी. हातात वाजवायचा गज, मान खाली.

ज्योती माझ्याकडे वाकली. "ताई, वैष्णवीचं अजून सुरू नाही झालं का?"

"तू तुझं शूटिंग कर."

मी अठरा वर्षं भजनी मंडळात आहे. आमच्यात जी सुरू करते ती मुख्य, बाकीच्यांनी तिच्या मागे म्हणायचं. इथे तर माझ्या पोरीला मागे म्हणायलाही ठेवलं नव्हतं. पर्स उचलली आणि उठले.

तेवढ्यात पायाखालची फरशी घुमली. वैष्णवीनं तीच चाल धरली होती, खालच्या जाड आवाजात.

आणि रिद्धी थांबली नव्हती. ती वरती काहीतरी दुसरंच वाजवत होती, दुसरी रांग तिसरंच. चाल मात्र आता माझ्या पोरीकडे. सगळ्या आपापलं वाजवतायत आणि कोणी कोणाला दाबत नाहीये... मी असं कधी ऐकलं नव्हतं.

मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, बसा की. आम्हाला दिसत नाही." बसले मुकाट्यानं.

ज्योतीवरचं जळणं संपलं का? नाही. तिचं शूटिंग अजून फॅमिली ग्रुपवर फिरतंय आणि त्यात वैष्णवीचा एक हात तेवढा दिसतो.

पण त्या दिवशी मी सगळ्यात जास्त जळले ते माझ्याच पोरीवर. कोपऱ्यात उभी राहूनही चाल तिच्या वाट्याला आली. आमच्या मंडळातली मुख्य बाई चाल कधी सोडत नाही. आणि मी अठरा वर्षांत एकदाही म्हटलं नाही की आज मी सुरू करते...

बाहेर आल्यावर वैष्णवी म्हणाली, "मम्मी, तू उठली होतीस. मी पाहिलं."

"हो. चुकलं माझं."

"मग क्लास?"

"जायचं."

सरांसमोर उभं राहायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहिते. सर, तुमचे आभार. तिला त्या कोपऱ्यातच राहू द्या.