पहिलीच्या वर्गातली पाठराखीण

बालवाडीतल्या मुलांना निरोप द्यावा लागतो हे मला माहीत नव्हतं. माझी समजूत अशी की मूल सहा वर्षांचं झालं की ते आपोआप पहिलीत जातं, जसं दिवस आले की मोहाचं फूल आपोआप गळतं. पण तालुक्याच्या बैठकीत मुख्यसेविका म्हणाल्या की यंदा निरोपसमारंभ करायचा आणि प्रत्येक मुलाला भेटवस्तू द्यायची. भेटवस्तू कमी खर्चाची असावी आणि परिसरातल्या साहित्याची असावी. खर्च कुठून करायचा ते त्या बोलल्या नाहीत, म्हणून मी विचारलं. "म्हणूनच कमी खर्चाची म्हटलं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या विषयाला लागल्या.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलात एक गाव होतं, तिथं मी बालवाडीची बाई होते. मूळची मी माजरीची. वडील खाणीत होते. मला नोकरी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कोळशातून निंगाली, लाकडात चालली." गावात मला सगळे बाई म्हणत. माझ्या आईच्या वयाच्या बायकाही बाई म्हणत आणि मी काही चुकीचं बोलले तरी ऐकून घेत. हे ऐकून घेणंच पुढं महागात पडलं.

परिसरातलं साहित्य म्हणजे माती, पानं, बिया, बांबू आणि धूळ. गुंजांच्या माळा छान होतात, पण गुंज विषारी, आणि माझ्या वर्गात पाटीसुद्धा चाटणारी मुलं होती. पानांच्या पिपाण्या मुलं माझ्यापेक्षा चांगल्या करायची. मातीचे बैल करून पाहिले. त्यांतला एकही बैल आहे असं कुणी मान्य केलं नाही. शेवटी मी गावाच्या टोकाला राहणाऱ्या बुरडाकडे गेले आणि लहान टोपल्या मागितल्या.

"टुकन्या हायेत तयार," तो म्हणाला. "पिवळ्या चालन का?"

पाहिल्या तर सुरेख होत्या. ओंजळीपेक्षा थोड्या मोठ्या, बारीक विणीच्या, हळदीनं रंगवलेल्या. उरलेल्या होत्या म्हणून त्यानं जवळजवळ फुकटच दिल्या.

"लेकराईसाठी?" त्यानं विचारलं.

"हो. पाठवायचं आहे ना त्यांना."

तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बरं हाय." त्या भागात शिकलेल्या माणसाला दुसरा प्रश्न विचारत नसत. ही पद्धत चांगली नाही असं माझं मत आहे.

खरं सांगायचं तर समारंभाचं मला काहीच पडलेलं नव्हतं. मला पडलेलं होतं ते एका मुलीचं. ती बालवाडीत यायची तेव्हा तिच्या कडेवर तिचा लहान भाऊ असायचा. तो एवढा लहान होता की बालवाडीच्या कुठल्याच नियमात बसत नव्हता. त्याला झुलवत झुलवत ती आकडे शिकली. त्याला झोप लागावी म्हणून ती हलक्या आवाजात उजळणी म्हणायची आणि तो झोपला की थांबायची. त्यामुळे तो जागा असेल त्या दिवशी तिचा अभ्यास जास्त व्हायचा. आता तिचं वय झालं होतं. शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती, आणि तिची आई तिला पाठवणार नव्हती.

आई काही वाईट बाई नव्हती. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या धानाची रोवणी करायची, आणि बोलायचं तेवढंच बोलायची. मी तिच्या घरी जाऊन शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. प्रशिक्षणात आम्हाला ते पाठ करायला लावलेलं होतं. तिनं सगळं ऐकलं.

"शिकून ते का करन, मले मालूम नाई," ती म्हणाली. "घरी राहून का करते, ते मले दिसून राह्यलं."

आणि तिनं बाळाकडे बोट दाखवलं. ते मुलीच्या कडेवर होतं. यावर काय बोलायचं ते प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. मी परत आले आणि खूप चिडले, आईवर, त्या बाळावर, आणि जास्त करून स्वतःवर. बाकीची मुलं शाळेत गेली नसती तर मला वाईट वाटलं असतं. ही मुलगी गेली नसती तर मी नोकरी सोडून माजरीला निघून गेले असते. निदान रोज झोपताना मी तसं ठरवत होते.

समारंभ एप्रिलच्या शेवटाला, सकाळी, उन्हाच्या आधी झाला. टोपलीत मी लाह्या घातल्या, गुळाचा खडा ठेवला आणि पाटीवरची एकेक पेन्सिल खोचली. मुलांना म्हटलं, टोपल्या डोक्यावर घ्या आणि रांगेनं गाणं म्हणत घरी जा. बोरिंगवर बायका पाणी भरत होत्या. त्यांनी रांग पाहिली आणि दांडा हापसायचा थांबवला. एक बाई हसता हसता खाली बसली. कार्यक्रम लोकांना आवडला असं मला वाटलं, आणि मी मुख्यसेविकांना तसं कळवायचं ठरवलं.

संध्याकाळी त्या मुलीची आई माझ्या खोलीवर आली. तोवर ती कधी आली नव्हती.

"बाई, तुमी माया पोरीची पाठवणी केली?"

"निरोप दिला," मी म्हटलं.

"हळदीची टुकनी देल्ली. लाह्या देल्ल्या. डोक्यावर ठेवून गावातून चालवली." तिनं मला समजावं म्हणून सावकाश सांगितलं. "ते टुकनी नवरीसंगच घराबाहेर जाते बाई. तुमच्यात नाई का?"

आमच्यात नव्हती. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली धर्म बदलला त्याच दिवशी हळद, अक्षता, मांडव, रुखवत हे सगळं घरातून एकदाच बाहेर काढलं होतं. आमच्या घरची लग्नं म्हणजे दोन हार, पंचशील आणि जेवण. वडील हे अभिमानानं सांगायचे आणि मलाही अभिमानच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की नवरीची टोपली माझ्यासमोर आली तेव्हा मला ती फक्त पिवळी दिसली. बुरडाच्या टोपल्या उरल्या होत्या त्या लग्नसराईतल्या. गावातल्या कुठल्याही पोरानं एका नजरेत ओळखलं असतं. वर्गातल्या पोरांनी ओळखलंही असेल, पण त्यांना वाटलं असणार की बाईला माहीत आहे.

मुलग्यांच्या बापांनी ते हसण्यावारी नेलं. एकानं त्या टोपलीखाली कोंबडीचं पिल्लू झाकलं. मुलींच्या घरीसुद्धा बहुतेकांनी बाईची गंमत म्हणून सोडून दिलं. पण हिच्या मुलीला शाळेत पाठवायचं नाही हे गावाला माहीत होतं, म्हणून बोरिंगवर सगळ्यांनी हिलाच धरलं होतं. पाठवणी झाली ना व, मंग पोरगी माहेरी काऊन? जवाई कुठचा हाय?

मी घाबरले. म्हटलं, माझं चुकलं, टोपली मी परत घेते.

तेव्हा मात्र ती चिडली. "वापस? पाठवणी वापस घेतेत का कोनी?"

मी चहा ठेवला. तिनं तो बशीत ओतून शेवटपर्यंत प्यायला आणि बशी खाली ठेवली.

"जिथी पाठवली तिथी जाईन ते," ती म्हणाली. "शाळेत पाठवली ना तुमी? जाईन. पन एकटी नाई जाईन. पाठराखीन लागते."

पाठराखीण मला ऐकून माहीत होती. नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरचं कुणीतरी जातं आणि ती रुळेपर्यंत राहतं. मी विचारलं, कोण जाणार?

"ज्यानं टुकनी देल्ली त्यानं." आणि उठता उठता तिनं बाळ माझ्या मांडीत ठेवलं. "अन् हा बी तुमच्यापाशी राहीन. ज्या दिवशी तुमी नाई जान, त्या दिवशी पोरगी बी नाई जाईन."

अशी मी जूनच्या शेवटी पहिलीत गेले.

सकाळची बालवाडी आटोपली की उरलेलं काम खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या हवाली करायचं, बाळाला कडेवर घ्यायचं, मुलीचा हात धरायचा आणि नाला ओलांडायचा. पहिल्या दिवशी मास्तरांनी मला दारात अडवलं. पहिली आणि दुसरी त्यांच्याकडे एकाच खोलीत होती.

"बाई, तुमचं नाव दाखल नाही," ते म्हणाले.

"मी पाठराखीण आहे."

मास्तर त्याच भागातले होते. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. भिंतीकडेची टाटपट्टी झटकली, मला बसायला दिली आणि एका मुलाला प्यायचं पाणी आणायला पिटाळलं. सासरच्या मंडळींनी मान ठेवावा तसा त्यांनी माझा मान ठेवला. तो दोन-चार दिवसच टिकला. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे दुसरीचे पाढे तपासायला दिले. पाठराखिणीला सासरी कामाला लावू नये असं मी म्हणू शकले असते, पण असा नियम आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या रीतीबद्दल बोलायचं मी तोवर सोडून दिलं होतं. बाळानं खडू खाल्ला. त्यानं त्याला काही झालं नाही.

मुलगी बोलत नव्हती. एक अक्षर नाही. बालवाडीत जिचं तोंड बंद करायला मला गाणी म्हणावी लागत, ती इथं खाली मान घालून पाटीकडे बघत बसायची. हजेरीत तिचं नाव आलं की ती माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायचे, "हजर." मास्तर म्हणायचे, "राहू द्या, नवी हाय." मधल्या सुट्टीत ती मला चिकटून बसायची. मी उठले की उठायची. परत येताना नाला ओलांडला की मात्र तिची बडबड सुरू व्हायची ती घरापर्यंत.

मला भीती वाटायला लागली. मुख्यसेविका कधीही भेटीला आल्या असत्या आणि बालवाडीची बाई दुसऱ्या गावात पहिलीच्या वर्गात बसलेली सापडली असती. तेवढ्यासाठी नोकरीही जाऊ शकत होती. पण त्याहून मोठी भीती ही की ही अशीच मुकी राहिली, तर एक ना एक दिवस माझं जाणं चुकणार आणि त्या दिवसापासून ती घरी बसणार. एकदा घरी बसलेली मुलगी त्या गावात पुन्हा शाळेत गेलेली मी पाहिली नव्हती.

तो दिवस रोवणीत आला. बालवाडीत नवी मुलं आली होती आणि नवी मुलं रडतात. त्या दिवशी ती सगळी मिळून रडत होती. एकानं माझ्या पदराला गाठ मारून ती मुठीत धरली होती. मी मुलीला म्हटलं, पायरीवर बस जरा, निघूच. एकाला गप्प केलं की दुसरं सुरू व्हायचं. पदर सोडवून बाहेर आले तर पायरीवर कुणी नव्हतं. बाळ आत पोत्यावर झोपलेलं होतं.

मी तिच्या घरी पळाले. दाराला कडी होती, आई रोवणीला गेलेली. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, इथी नाई आली. मग माझं डोकं फिरलं. पोरगी कंटाळली आणि कुठंतरी जाऊन बसली, संपलं सगळं, एवढ्या दिवसांची पायपीट पाण्यात. नाल्याला पाणी होतं, फार नव्हतं, पण सहा वर्षांच्या मुलीला किती पाणी फार असतं हे मला त्या क्षणी ठरवता येईना. परत आले, रडणारी मुलं खिचडीवालीच्या अंगावर टाकली, बाळाला उचललं आणि जवळजवळ धावतच निघाले. वाटेत मी तिला काय काय बोलायचं ते ठरवलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शाळेशी पोचले तेव्हा हजेरी चालू होती. मी दाराबाहेर भिंतीला टेकून दम खात उभी राहिले. आतून मी दिसत नव्हते. तिचं नाव आलं. सवयीनं माझं तोंड उघडलं.

"हजर," आतून आवाज आला. बालवाडीतला होता तोच, खणखणीत.

मास्तर थांबले असावेत. मग त्यांनी विचारलं, "आज पाठराखीन कुठी हाय व तुयी?"

"तिले तिकडंच राहू देल्लं," ती म्हणाली. "मी रुळली."

मास्तरांनी पुढचं नाव घेतलं.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या आधी इतकं वाईट वाटलं की मला माझंच नवल वाटलं. आत जाऊन माझ्या टाटपट्टीवर बसावं असं फार वाटलं. दुसरीचे पाढे तपासायचे राहिले होते. बाळानं तिचा आवाज ओळखला आणि दाराकडे दोन्ही हात पुढे केले, तेव्हा त्याचं तोंड माझ्या खांद्यात दाबून मी मागे फिरले. नाल्यापर्यंत तो रडला, आणि मीही रडले. बालवाडीत पोचलो तेव्हा नवी मुलं रडायची थांबली होती आणि आमच्या दोघांकडे बघत होती.